गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील तात्पुरती पिशवी: कोणती, कोणाला आणि किती काळ

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६४. गुदद्वारापासून ५ सेंटिमीटरवर गुदाशयाचा कर्करोग आहे. रेडिएशन आणि केमोथेरपी दोन्ही पूर्ण झाली असून आता शस्त्रक्रिया ठरली आहे. मधुमेह जुना आहे, रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एकीत लघवी वाढवणारे औषध आहे, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.६ आहे. ठाण्यातील एका सर्जनांनी लहान आतड्याची तात्पुरती पिशवी (आतड्याचे तोंड पोटावर काढून मळ पिशवीत घेणे) लावावीच लागेल असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘घोस्ट’ पद्धतीने पिशवी टाळता येईल असे सांगण्यात आले. वडिलांना पिशवी नकोच आहे, तेव्हा कोणाचे ऐकावे?

शस्त्रक्रियेचा निर्णय वडिलांना प्रत्यक्ष तपासणारे सर्जनच घेतील. त्यांच्याशी बोलताना काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे कळावे म्हणून पुढील मजकूर सविस्तर लिहीत आहे. माझा कल आधीच सांगतो: आपल्या वडिलांच्या बाबतीत पिशवी टाळण्यापेक्षा ती योग्य जागी, योग्य आतड्यावर आणि काढण्याची तारीख मनात धरून करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

या शस्त्रक्रियेत कर्करोगाचा भाग आणि त्याभोवतीचा चरबीचा थर एकसंध काढला जातो. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलेल्या या तत्त्वामुळे रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ घटले, आणि पूर्वी ज्यांचे गुदद्वार कायमचे बंद करावे लागे अशा अनेकांचे ते वाचू लागले. मात्र वरचे मोठे आतडे खाली आणून कटीच्या तळाशी, गुदद्वाराच्या अगदी जवळ जोडणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत नाजूक भाग असतो. तिथे जागा अरुंद असते, पुरुषांमध्ये तर अधिकच, आणि रेडिएशन घेतलेल्या पेशी सावकाश भरतात. जोड जितका खाली, तितकी तो गळण्याची भीती जास्त.

अनेकांना वाटते की पिशवी लावली म्हणजे जोड गळत नाही. पिशवीमुळे जोडाचे टाके अधिक घट्ट बसत नाहीत की त्याचा रक्तपुरवठा सुधारत नाही. घोडबंदर रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक सर्व्हिस रोडवर वळवतात, तसे मळाला वरच्या वर बाहेर काढून खालच्या जोडाला काही आठवडे विसावा देणे एवढेच तिचे काम. जोडाला लहानशी फट पडली तरी तिच्यातून मळ पोटात पसरत नाही, म्हणून जी गळती एरवी मध्यरात्री पुन्हा पोट उघडायला लावते, ती कित्येकदा अँटिबायोटिक आणि एखाद्या नळीवर निभावते. स्वीडनमध्ये झालेली आणि २००७ साली प्रसिद्ध झालेली २३४ रुग्णांची चाचणी या बाबतीत आजही आधाराला घेतली जाते. खालच्या पातळीवर जोड केलेल्या रुग्णांमध्ये लक्षणे दाखवणारी गळती पिशवी असलेल्यांत १०.३ टक्के, तर नसलेल्यांत २८ टक्के आढळली. तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही ८.६ विरुद्ध २५.४ टक्के असे होते.

पुरुष, ५ सेंटिमीटरवरची गाठ, रेडिएशन झालेले, मधुमेह. वडिलांच्या बाबतीत धोक्याच्या चार खुणा आधीच जमल्या आहेत. त्यात तंबाखू किंवा धूम्रपान असेल, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल, तर त्याही धरा. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणखी काही गोष्टी समोर येतात: स्टेपलर किती वेळा चालवावा लागला, जोडात हवा भरल्यावर बुडबुडे आले का, आतड्याच्या कडेला ताजे रक्त येते आहे का. रक्तपुरवठा पाहण्यासाठी अलीकडे शिरेतून हिरवा रंग देऊन विशेष कॅमेऱ्याने आतडे पाहण्याची सोय बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत आहे. ती उपयुक्त आहे, परंतु चित्र चांगले दिसले म्हणून रेडिएशन घेतलेल्या खालच्या जोडावरची पिशवी वगळावी, असे मी करत नाही.

घोस्ट इलिओस्टॉमीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे एक वेटोळे निवडून त्याभोवती मऊ रबरी फीत ओवतात आणि फितीची टोके पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून ठेवतात. आतडे आतच राहते, उघडले जात नाही. पुढच्या काही दिवसांत गळतीचा संशय आला तर त्याच छिद्रातून, बहुधा लहान भूल देऊन, वेटोळे बाहेर ओढून स्टोमा, म्हणजे पोटावर उघडणारे आतड्याचे तोंड, तयार करता येतो, आणि सारे ठीक राहिले तर साधारण ७ ते १० दिवसांनी फीत ओढून काढतात. पद्धत चांगली आहे, पण ती मधल्या धोक्याच्या रुग्णासाठी आहे. तिची सारी मदार गळती लवकर ओळखण्यावर आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत सीआरपी ही संसर्गाची चाहूल देणारी रक्ततपासणी रोज पाहणे, ती १५० च्या वर रेंगाळली तर त्याच दिवशी सीटी स्कॅन करणे, आणि रविवार असो वा गणपतीची सुटी, रात्री थिएटर मिळणे, हे सारे जिथे खात्रीने होते तिथेच ही पद्धत वापरावी. शिवाय गळती कळेपर्यंत मळ कटीच्या पोकळीत गेलेलाच असतो. नंतर आतडे बाहेर काढल्याने तो परत येत नाही. मधुमेहात ताप आणि दुखणे उशिरा दिसू शकते, म्हणून वडिलांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. ज्यांनी तो सुचवला त्यांच्याकडे गाठीची नेमकी उंची आणि रेडिएशनचा इतिहास पोचला होता का, हे एकदा विचारून घ्या.

आता राहतो तो प्रश्न लहान आतड्याची पिशवी की मोठ्या आतड्याची. प्रचलित उत्तर लूप इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याच्या वेटोळ्यावरची पिशवी, हे आहे, आणि बहुतेकांसाठी ते बरोबरही आहे. ती लहान असते, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला कपड्याखाली सहज लपते, वास कमी येतो, बाहेर सरकण्याची तक्रार कमी आणि बंद करणेही तुलनेने सोपे. मोठ्या आतड्याच्या आडव्या भागावर केलेली लूप कोलोस्टॉमी आकाराने मोठी, बरगड्यांच्या जवळ, बाहेर सरकण्याकडे कल असलेली, आणि बंद केल्यावर जखम चिघळण्याची शक्यता जास्त. तिचा आणखी एक दोष फारसा बोलला जात नाही. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत डाव्या बाजूच्या आतड्याची मुख्य रक्तवाहिनी मुळाशीच बांधली जाते, आणि त्यानंतर खाली आणलेले आतडे आडव्या आतड्याच्या काठाने धावणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीवर जगते. कोलोस्टॉमी करताना किंवा बंद करताना तिला इजा झाली, तर खालचा जोडच धोक्यात येतो. म्हणून ही पिशवी करायची तर उजवीकडे, आणि त्या वाहिनीला न दुखावता करणाऱ्या हातांनी.

इतके असूनही आपल्या वडिलांसाठी मी कोलोस्टॉमीचा विचार बाजूला सारणार नाही, आणि त्याचे कारण ते १.६ क्रिएटिनिन. इलिओस्टॉमीतून बाहेर येणारे द्रव पाणी आणि सोडियमने भरलेले असते, कारण ते शोषून घेणारे मोठे आतडे वाटेतून वगळलेले असते. स्थिरावल्यावर दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर येते. ते दीड ते दोन लिटरच्या वर गेले की शरीर सुकू लागते. इलिओस्टॉमीचे रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा भरती होतात त्यात शरीर सुकणे आणि मूत्रपिंड ढासळणे हे फार मोठे कारण असते. ठाणे-नवी मुंबईचा एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा दमट उकाडा, मुळातच कमजोर मूत्रपिंड आणि वर लघवी वाढवणारी गोळी, हे तीन एकत्र आले तर महिन्याभरात क्रिएटिनिन दुप्पट झालेले मी पाहिले आहे. सर्जनांना उजव्या बाजूच्या कोलोस्टॉमीचा सराव असेल तर तिचा विचार करण्याची विनंती करा. त्यांना इलिओस्टॉमीच योग्य वाटली तर मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत आणि पहिल्या सहा आठवड्यांच्या रक्ततपासण्यांचे वेळापत्रक शस्त्रक्रियेआधीच ठरवून घ्या.

पिशवी टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे, ज्याचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. क्लीव्हलंडचे टर्नबुल आणि साव पाउलोचे कुटे यांनी १९६१ च्या सुमारास स्वतंत्रपणे वापरलेल्या या पद्धतीत वरचे आतडे गुदद्वारातून काही सेंटिमीटर बाहेर काढून तसेच ठेवतात, ते आत चिकटू देतात, आणि साधारण आठवड्यानंतर दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेत जादा भाग कापून कडा गुदद्वाराला शिवतात. स्पेनमधून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नेहमीचा जोड आणि पिशवी यांच्या मानाने यात गुंतागुंत जास्त आढळली नाही. तो आठवडा मात्र रुग्णाला फार अवघड जातो, आणि आपल्याकडे ही पद्धत नियमित करणारी ठिकाणे मोजकी आहेत. ज्यांनी ती क्वचितच केली आहे त्यांच्याकडून ती करून घेऊ नये.

पिशवी चांगली की त्रासदायक, हे निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरते. स्टोमाची जागा रुग्णाला नुसते झोपवून नव्हे, तर झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकवून पाहिल्यावर ठरवावी लागते; झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर दोन वळ्या पडतात, आणि त्या वळीत स्टोमा गेला तर पिशवीची कातडीला चिकटवायची चकती रोज सुटते. पँटचा पट्टा जिथे बसतो ती रेघ, लुंगीची गाठ, स्त्रियांच्या बाबतीत परकराची नाडी, जुन्या टाक्यांचे व्रण, बेंबी आणि कमरेचे हाड, या सर्वांपासून दूर, पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूवर आणि रुग्णाला स्वतःला खाली पाहिल्यावर दिसेल अशी जागा हवी. पोट सुटलेले असेल तर ती थोडी वर घ्यावी लागते, कारण घेराखाली केलेला स्टोमा रुग्णाला आरशाशिवाय दिसत नाही. उजवीकडे एक आणि पर्याय म्हणून दुसरी, अशा दोन खुणा न पुसणाऱ्या पेनाने करून ठेवतात. वडिलांना नेहमीची पँट घालून या असे सांगायला विसरू नका. रुग्णालयाच्या गाऊनमध्ये पट्ट्याची रेघ सापडत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. आपल्या रुग्णालयात प्रशिक्षित स्टोमा परिचारिका नसेल तर आधीच अशा ठिकाणी भेट घेऊन पिशव्यांचे प्रकार हाताळून पाहावेत.

थिएटरमध्ये इलिओस्टॉमी शेवटच्या अर्ध्या तासात होते, आणि दमलेल्या हातांनी ती घाईत उरकली जाण्याचा मोह मोठा असतो. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथून साधारण २० ते २५ सेंटिमीटर वरचे वेटोळे घ्यावे, म्हणजे पुढे ते बंद करताना जागा राहते. वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे वेगवेगळ्या टाक्यांनी नोंदवून ठेवावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वेटोळे पिळले जाणे आणि खालचे तोंड वर येणे या चुका खऱ्या आहेत आणि महागात पडतात. पोटाच्या भिंतीत दोन बोटे सैल जातील इतकेच छिद्र हवे: अरुंद झाले तर आतडे काळे पडते, रुंद झाले तर शेजारी हर्निया फुगतो. आतड्याच्या खालच्या बाजूजवळ छेद घेऊन वरचे तोंड उलटवून चोचीसारखे दोन-अडीच सेंटिमीटर उंच करतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी कातडीच्या आतल्या थराला बसवतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे सर्जन ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली हे उलटवणे प्रचारात आणले. त्यापूर्वी सपाट स्टोमाभोवतीची कातडी लहान आतड्याच्या पाचक रसाने अक्षरशः सोलली जात असे. आजही चोच नीट न केलेल्या रुग्णाची कातडी आठ दिवसांत लालबुंद आणि ओली होते, आणि घरचे मात्र पिशवीच्या कंपनीला दोष देत राहतात. वेटोळ्याखाली प्लॅस्टिकचा दांडा घालण्याची जुनी सवय मी बहुतेकांसाठी सोडली आहे. त्याने आतडे आत खेचले जाणे थांबते असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले नाही, चकती बसवायला मात्र अडचण होते.

घरी आल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी एक वही आणि एक मापाचा जग एवढे पुरते. पिशवी रिकामी करताना मोजून लिहा, आणि लघवीही लिहा. सर्वांत मोठी गफलत तहानेपोटी साधे पाणी, चहा आणि सरबत भरभरून देण्यात होते. मीठ नसलेले पाणी लहान आतड्यात गेल्यावर आतडे स्वतःचे सोडियम त्यात ओतते, आणि पिशवी आणखी भरते. स्राव वाढला की साधे द्रव दिवसाला एक लिटरच्या आत ठेवून उरलेली तहान क्षारयुक्त पाण्याने भागवावी लागते. एक लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम हे प्रमाण लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने रूढ केले आहे, आणि स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ते सहज मोजता येते. मधुमेह आहे म्हणून ग्लुकोज वगळू नये, कारण त्याच्याशिवाय सोडियम आत शोषले जात नाही. साखरेचे औषध डॉक्टरांकडून जुळवून घ्यावे. शहाळ्याचे पाणी प्रेमाने पाजले जाते. त्यात सोडियम थोडे आणि पोटॅशियम पुष्कळ असते, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला ते उलट घातक ठरू शकते.

मऊ भात, केळे, साबुदाणा, उकडलेला बटाटा, यांनी स्राव घट्ट होतो. ओल्या नारळाचे तुकडे, मक्याचे दाणे, शेंगदाणे आणि संत्र्याच्या फोडींवरच्या साली पहिले दीड-दोन महिने टाळाव्यात, कारण पोटाच्या भिंतीतून जाताना आतडे सुजलेले आणि अरुंद असते. स्राव कमी करणारे लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास देतात, जेवणानंतर नव्हे. औषधांपैकी लघवी वाढवणारी गोळी, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या स्राव वाढल्यावर थांबवाव्या लागतात. कोणत्या, आणि कधीपासून, हे सुटीच्या कागदावर लिहून मागा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पिशवीत जशाच्या तशा पडलेल्या दिसल्या तर त्या बदलून घ्याव्यात. दिवसात दीड लिटरच्या वर स्राव, लघवी कमी आणि गडद, उभे राहताना चक्कर, पायात गोळे, यांपैकी काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्राव एकाएकी थांबून पोट फुगले आणि उलट्या झाल्या तरीही तसेच.

वडिलांना पिशवी नको आहे ती लोकांत वावरण्याच्या लाजेपोटी असेल, तर पिशवी असलेल्या एखाद्या रुग्णाशी त्यांची गाठ घालून द्या. माझे रुग्ण पिशवीसह ठाणे-वाशी लोकलने कामावर जातात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची आणि बॅगेत एक जादा संच, ओला रुमाल आणि बंद होणारी पिशवी ठेवायची, एवढे पथ्य पाळतात. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठीच काम करते.

बंद करण्याबद्दल बोलणे पिशवी लावण्याआधीच व्हायला हवे. प्रघात ८ ते १२ आठवड्यांचा आहे. ज्यांची केमोथेरपी शस्त्रक्रियेनंतर चालते त्यांची तारीख पुढे ढकलली जात जाते, आणि ‘तात्पुरती’ पिशवी वर्षभर राहते. तात्पुरत्या म्हणून केलेल्या पिशव्यांपैकी साधारण पाचातील एक पुढे कधीच बंद होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वडिलांची केमोथेरपी आधीच झाली असल्याने ही अडचण त्यांना बहुधा येणार नाही. डेन्मार्क आणि स्वीडनमधील २०१७ सालच्या चाचणीत निवडक रुग्णांची पिशवी ८ ते १३ दिवसांतच बंद केली, आणि वर्षभरातील एकूण त्रास त्यांना कमी झाला. मात्र त्या चाचणीत मधुमेही रुग्ण घेतलेले नव्हते, म्हणून तिचा दाखला देऊन घाई करू नये. इलिओस्टॉमी असताना मूत्रपिंड सावरेनासे झाले, तर जोडाची खात्री करून लवकर बंद करण्याचा विषय सर्जनांशी जरूर काढावा.

बंद करण्याआधी बोटाने आणि दुर्बिणीने जोड तपासतात, आणि गुदद्वारातून पाण्यात विरघळणारे औषध सोडून एक्स-रे किंवा सीटी काढतात; फट असेल तर तारीख पुढे जाते. शस्त्रक्रिया स्टोमाभोवतीच्या छेदातूनच होते, बहुधा तासाभराची असते, आणि आतडे हाताने शिवले की स्टेपलरने, याने निकालात मोठा फरक पडत नाही. कातडी मात्र सरळ रेषेत गच्च शिवू नये, असा आग्रह धरावा. बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घेऊन मधोमध लहान छिद्र उघडे ठेवले तर जखम पिकण्याचे प्रमाण बरेच घटते, आणि मधुमेही माणसाला त्याचा फायदा अधिक. पुढचे काही आठवडे दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागणे, एकाच तासात तीनदा जावे लागणे, वायू आणि मळ यांतला फरक न कळणे, हे गुदाशय काढल्यामुळे होते, पिशवी काढण्यात काही चुकले म्हणून नव्हे. रेडिएशन झालेल्यांत ते जास्त असते आणि कमी व्हायला वर्ष लागू शकते. गुदद्वाराचे स्नायू आवळण्याचे व्यायाम पिशवी असतानाच सुरू केले तर उपयोग होतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ओपीडीतच फिजिओथेरपिस्टची भेट मागून घ्या.